पृथ्वीला आधार कोणाचा?

उन्हाळा आला की खानदेशातील घरांच्या धाब्यांवर अंथरुणे पडत. माझ्या लहानपणी धरणगावच्या आमच्या घरीही हाच प्रघात होता. मध्यभागी आजी निजे आणि तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही नातवंडे. वर चांदण्यांनी भरलेले आकाश असे आणि आजीच्या गोष्टींना खंड नसे. एके रात्री तिने पृथ्वीची गोष्ट सांगितली. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे आणि शेषाने फणा बदलला की भूकंप होतो, असे ती म्हणाली. मी विचारले, "आजी, मग शेष कशावर बसला आहे?"

"कासवाच्या पाठीवर."

"आणि कासव?"

"पाण्यावर."

"आणि ते पाणी कशात आहे?"

आजीने माझ्या अंगावरचे पांघरूण नीट केले आणि ती म्हणाली, "नीज आता. सकाळची शाळा आहे."

मी निजलो, पण प्रश्न काही निजला नाही. पुढे मोठा झाल्यावर वाचनात आले की, हाच प्रश्न आपल्या देशातील एका थोर गणित्याने आठशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारला होता आणि त्याचे उत्तरही दिले होते. एवढेच नव्हे, तर ते उत्तर ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ शिकविण्यासाठी आपल्याच खानदेशात एक मठ स्थापन झाला होता. त्या मठाची आणि त्या उत्तराची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

धरणगावहून आगगाडीने जळगावास यावे, तेथे गाडी बदलावी आणि पाचोऱ्यावरून चाळीसगावास उतरावे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे अठरा किलोमीटरांवर डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे स्थान आहे. लोक त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतात, कारण तेथे चंडिकादेवीचे जुने दगडी मंदिर आहे. भोवती दाट रान आहे आणि पावसाळ्यात कड्यांवरून पाण्याचे लोट कोसळतात. आज हा सारा भाग गौताळा अभयारण्यात मोडतो. यात्रेकरू देवीचे दर्शन घेतात, डबा सोडतात आणि संध्याकाळपर्यंत परत फिरतात. येथे एके काळी नांदते नगर होते, बाजारपेठ होती, तेलाचे घाणे फिरत होते आणि पाठशाळेत विद्यार्थी ग्रहांचे गणित मांडीत बसत होते, हे त्या रानात उभे राहून कोणाच्या मनातही येणार नाही.

हे आपल्याला कळले ते एका दगडामुळे. पाटणच्या देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. मुंबईचे विख्यात डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी तो वाचून १८६५ साली विद्वानांपुढे ठेवला. भाऊ दाजी व्यवसायाने वैद्य. पण जुनी नाणी, ताम्रपट आणि शिलालेख यांचा त्यांना ध्यास होता. त्यांच्या या वाचनाने एका मोठ्या घराण्याचा इतिहास उजेडात आला.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे. त्यात एका विद्वान कुळाची वंशावळ दिलेली आहे. त्रिविक्रम हा या कुळाचा मूळ पुरुष. त्याचा पुत्र भास्करभट्ट; त्याला भोजराजाने 'विद्यापती' ही पदवी दिली होती. पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर अशा पिढ्या झाल्या. महेश्वराचा पुत्र तो भास्कराचार्य. भास्कराचार्याचा पुत्र लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपाल याने या नगरातून बोलावून नेले आणि आपल्या पदरच्या पंडितांचा प्रमुख केले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ लोकांनी शिकावेत, ते काळाच्या ओघात लुप्त होऊ नयेत, म्हणून या चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापन केला. (तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरच्या गावाला ज्यांचे नाव आहे, ते योगी चांगदेव वेगळे. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहून पाठविल्या त्या त्यांना. जळगावची मुले या दोघांत नेहमी घोटाळा करतात, म्हणून सांगून ठेवतो.)

मठ स्थापन करणे एक आणि तो चालविणे दुसरे. विद्यार्थ्यांना दोन वेळचे अन्न हवे, रात्री वाचावयास दिव्यात तेल हवे, गुरुजींचाही संसार असतो. या भागावर तेव्हा यादवांचे मांडलिक निकुंभ राजे राज्य करीत होते. त्यांच्यापैकी सोइदेवाने मठाला दान दिले आणि ते दान एका चंद्रग्रहणाच्या दिवशी दिले. श्रावणी पौर्णिमेला लागलेले ते ग्रहण. त्याच्याकडे आपण पुढे वळणार आहोत, म्हणून ही गोष्ट ध्यानात ठेवा.

शिलालेखाच्या शेवटी संस्कृत संपते आणि एकदम मराठी सुरू होते. मला तर सगळ्या लेखात हाच भाग अधिक प्रिय वाटतो. ही मराठी ज्ञानेश्वरीहून सुमारे ऐंशी वर्षे जुनी आहे. राजांची आणि पंडितांची स्तुती संस्कृतात कोरली तरी चालते. पण कोणी किती द्यावयाचे, हे ज्याने द्यावयाचे त्याला कळले पाहिजे! म्हणून हिशेब मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीस निघेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे उत्पन्न मिळत असे, ते राजाने मठाला दिले. विकणाऱ्यांकडून ब्राह्मणांना जो वाटा मिळे, तो ब्राह्मणांनी दिला. नगराने गिऱ्हाइकामागे दामाचा विसावा भाग दिला. दाम हे त्या काळचे नाणे. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या, घ्यावयाच्या. जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळीपळी तेल घ्यावयाचे. जे माप करावयाचे ते मठाच्या मापाने करावे. मापणावळीचा अर्धा भाग मठाचा आणि अर्धा माप करणाराचा.

ही यादी पुन्हा एकदा मनात आणून पाहा. घाणा चालविणारा तेली बैल फिरवून दिवसभर तेल काढतो आणि त्यातील एक पळी बाजूला ठेवतो. त्याने भास्कराचार्याचा ग्रंथ पाहिला असण्याचा संभव फार थोडा. पण मठात ग्रहांचे गणित शिकले जात होते त्याला या पळीभर तेलाचा टेकू होता. इतिहासात राजांची नावे राहिली. पळीभर तेल देणाऱ्यांची राहिली नाहीत. तरी त्यांचे तेल मात्र दगडावर राहिले.

आता ज्या ग्रंथासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच्याकडे वळू. भास्कराचार्याचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याने 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती हा अंकगणिताचा, दुसरा बीजगणिताचा, तिसरा ग्रहगणिताचा आणि चौथा गोलाध्याय. लीलावतीचे नाव तुम्ही ऐकले असेल, कारण तिच्यातील उदाहरणे मोठी गोड आहेत. परंतु माझ्या आजीला जे उत्तर देता आले नाही, ते आहे गोलाध्यायात.

भास्कराचार्य तेथे विचारतो तो प्रश्न असा. पृथ्वीला कोणीतरी आधार दिला आहे असे मानले, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल. दुसऱ्याला तिसरा लागेल, तिसऱ्याला चौथा. ही मालिका कोठे थांबावयाची? ती कधीच थांबत नाही, असे म्हणावे तर पृथ्वीला आधार मिळालाच नाही, तो केवळ पुढे ढकलला गेला. तर्कशास्त्रात या दोषाला 'अनवस्था' म्हणतात. एका सावकाराचे कर्ज फेडावयास दुसऱ्याकडून कर्ज काढावे, दुसऱ्याचे फेडावयास तिसऱ्याकडून काढावे, त्यातलाच हा प्रकार. कागद वाढत जातात. कर्ज तेवढेच राहते. बरे, शेवटी कोठेतरी थांबावे आणि म्हणावे की, हा शेवटचा आधार मात्र स्वतःच्या शक्तीने स्थिर आहे, तर भास्कराचार्य विचारतो की, मग ही शक्ती शेवटच्याला कशासाठी द्यावयाची? पहिल्यालाच का देऊ नये? पृथ्वीच स्वतःच्या शक्तीने स्थिर आहे असे का मानू नये? अग्नीच्या ठायी उष्णता आहे, पाण्याच्या ठायी वाहणे आहे, दगडाच्या ठायी काठिण्य आहे. तशी पृथ्वीची स्थिरता हा तिचा स्वभाव होय.

या युक्तिवादात एकही यंत्र नाही, एकही मोजमाप नाही. शेष आणि कासव खरे की खोटे, या वादातही तो शिरत नाही. तो एवढेच दाखवितो की, त्यांनी प्रश्न सुटत नाही. हे मला फार मोठे वाटते. एखाद्याचे म्हणणे खोटे पाडणे निराळे आणि त्याच्या म्हणण्याने आपले काम होत नाही हे दाखविणे निराळे. दुसऱ्या रीतीत कोणाचा अपमान होत नाही आणि पळवाटही उरत नाही.

पण लगेच शंका येते. वर फेकलेला दगड खाली पडतो, मग पृथ्वी खाली का पडत नाही? भास्कराचार्य सांगतो की, पृथ्वीच्या ठायी ओढून घेण्याची शक्ती आहे. आकाशातील जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते आणि आपण म्हणतो, वस्तू पडली. पृथ्वीच्या सर्व बाजूंना मात्र सारखेच आकाश आहे. मग ती पडणार कोठे? 'खाली' म्हणजे पृथ्वीकडे. पृथ्वीला तिच्या स्वतःच्या खाली असे काही नाहीच.

मग पलीकडच्या बाजूची माणसे कशी राहतात? मी सातवीच्या वर्गाला हा भाग सांगत असे तेव्हा हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारीच. भास्कराचार्य म्हणतो की, माणूस जेथे उभा असेल तेथे त्याला वाटते, पृथ्वी माझ्या पायाखाली आहे आणि मी तिच्या माथ्यावर आहे. पृथ्वीच्या चौथाई फेऱ्यावर असलेली माणसे त्याला आडवी वाटतील आणि थेट पलीकडची माणसे उलटी वाटतील. तळ्याच्या काठी उभ्या राहिलेल्या माणसाची पाण्यातील सावली दिसते तशी. पण ती माणसे तेथे तितकीच निश्चिंत असतात, जितके आपण येथे. त्यांना आपण उलटे वाटत असू, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

आणि पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते? मोठ्या रांजणाच्या पोटावरून मुंगी चालत असली तर तिला रांजणाचा गोलवा कळत नाही. कोणत्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग जवळजवळ सरळच दिसतो, असे भास्कराचार्य सांगतो. पृथ्वी फार मोठी आहे आणि तीवर उभा राहिलेला माणूस फार लहान.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पृथ्वीच्या ओढीचे वर्णन भास्कराचार्याने केले म्हणून, न्यूटनने शोधले ते सर्व आमच्याकडे आधीच होते, असे काही लोक अभिमानाने म्हणतात. तसे म्हणू नये. न्यूटनचा ग्रंथ १६८७ सालचा. त्याने ही ओढ किती आणि अंतराबरोबर ती कशी घटते, याचा नियम दिला आणि चंद्रालाही तोच नियम लागू करून दाखविला. भास्कराचार्याने तो नियम दिला नव्हता. शिवाय पृथ्वी अचल आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो, असे तो मानीत होता. आज आपण जाणतो की, पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि सूर्याच्या ओढीनेच ती त्या मार्गावर राहते. म्हणजे पृथ्वीची स्थिरता हा तिचा स्वभाव, हे त्याचे उत्तर पुरते टिकले नाही. पण शेष, कासव आणि पाणी यांची मालिका त्याने जेथे तोडली, तेथे ती कायमची तुटली. १९६८ साली माणसे प्रथमच चंद्राजवळ गेली आणि तेथून त्यांनी पृथ्वीचे छायाचित्र घेतले. काळ्या आकाशात निळसर पृथ्वी कशावरही न टेकता राहिलेली त्यात दिसते.

पाटणच्या मठाचे पुढे काय झाले? यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी लयास गेले. नगर ओस पडले, रान वाढले आणि मठाची इमारत नाहीशी झाली. ग्रंथ मात्र उरले. विद्यार्थ्यांनी आणि पंडितांनी त्यांच्या हस्तलिखित प्रती केल्या, प्रतींच्या प्रती झाल्या, त्यांवर टीका लिहिल्या गेल्या. १५८७ साली अकबराच्या दरबारातील फैजीने लीलावतीचे फारसीत भाषांतर केले. १८१७ साली कोलब्रुक या इंग्रज पंडिताने लीलावती आणि बीजगणित ही इंग्रजीत आणली. १९७९ साली भारताने एक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत सोडला, त्याचे नाव 'भास्कर' ठेवले.

आता त्या ग्रहणाकडे वळू. राहू चंद्राला गिळतो म्हणून ग्रहण लागते, ही समजूत त्या काळी सर्वत्र होती. सोइदेवाने दान दिले तेही ग्रहणकाळ पुण्याचा मानला जात असे म्हणूनच. परंतु ज्या मठाला ते दान मिळाले, तेथे शिकविला जाणारा ग्रंथ काय सांगत होता? चंद्राला झाकते ती पृथ्वीची छाया आणि सूर्याला झाकतो तो चंद्र. एकच राहू दोघांना गिळतो असे मानले, तर दोन्ही ग्रहणे सारखी दिसली पाहिजेत. ती तशी दिसत नाहीत. चंद्राला ग्रहण लागते ते पूर्वेच्या बाजूने. सूर्याला लागते ते पश्चिमेच्या बाजूने. चंद्र अर्धा झाकला गेला की त्याची शिंगे बोथट दिसतात आणि ग्रहण पुष्कळ वेळ टिकते. म्हणजे त्याला झाकणारी वस्तू त्याच्याहून बरीच मोठी आहे. सूर्य अर्धा झाकला गेला की त्याची शिंगे तीक्ष्ण दिसतात आणि ग्रहण लवकर सुटते. म्हणजे झाकणारी वस्तू मोठी नाही.

केवढे साधे निरीक्षण हे! घरात एक मोठी थाळी आणि एक लहान वाटी घ्या. दुसऱ्या तेवढ्याच वाटीवर आधी थाळी अर्धवट सरकवा आणि मग पहिली वाटी सरकवा. उरलेल्या भागाची टोके दोन्ही वेळा कशी दिसतात ते पाहा.

हे सर्व लिहून झाल्यावर भास्कराचार्याने राहूलाही थोडी जागा ठेवली आहे. ब्रह्मदेवाच्या वरामुळे राहू पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि तेथून चंद्राला झाकतो, असे म्हणून त्याने शास्त्र आणि पुराण यांचा मेळ घातला. यावर काही विद्वान नाराज होतात. मी होत नाही. गणित त्याने कोठेही बदलले नाही. ग्रहणाची वेळ छायेवरूनच काढावयाची असे त्याने शिकविले. ज्या लोकांच्या घाण्यातील तेलावर मठ चालावयाचा, त्यांच्या मनालाही त्याने एक दार उघडे ठेवले, इतकेच.

या ग्रहणाची आणखी एक गंमत आहे. शिलालेखात शके ११२८ हा आकडा कोरलेला आहे. सोबत प्रभव हे संवत्सराचे नाव, श्रावणातील पौर्णिमा आणि चंद्रग्रहण यांचाही उल्लेख आहे. जुन्या लेखांतील शकाचे आकडे कधी चालू वर्षाचे असतात, कधी सरलेल्या वर्षाचे, कधी एखाद्याने चुकतात. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून दिवस ठरत नाही. पण चंद्र ठरलेल्या वेळीच पृथ्वीच्या छायेत शिरतो. म्हणून विद्वानांनी मागे गणित करून असे ग्रहण केव्हा लागले होते ते शोधले आणि ९ ऑगस्ट १२०७ हा दिवस निघाला. ग्रहणाचे जे गणित शिकविण्यासाठी मठ निघाला, त्याच विद्येने मठाच्या दानाचा दिवस आपल्याला सांगितला.

मी मुख्याध्यापक होतो तेव्हा चंद्रग्रहणाच्या रात्री मुलांना शाळेच्या मैदानावर बोलावीत असे. पालकांपैकी काही जण ग्रहणात मुलांना बाहेर पाठविण्यास कचरत. त्यांना मी पाटणच्या मठाची हकीकत सांगे. मग बहुतेक जण स्वतःही येत. छाया चंद्रावर चढू लागली की मुले ओरडत, "गुरुजी, पूर्वेकडूनच लागले!" अर्धा चंद्र झाकला जाई तेव्हा मैदानावर शांतता पसरे. सगळ्यांच्या माना वर असत आणि जो तो चंद्राची शिंगे बोथट आहेत की टोकदार, हे निरखून पाहत असे.